भर दुपारचे दिवे

वहिनीचा फोन आला तेव्हा मी वैतागूनच उचलला. सकाळी सकाळी तिचा फोन म्हणजे दादाची जीप पुन्हा बंद पडली असणार, हे ठरलेलंच. "आता काय उडालं?" मी विचारलं. ती म्हणाली, "ताई, हे गेले." माझा थोरला भाऊ झोपेतच गेला. याला पाच आठवडे झाले, आणि मला अजून त्याचा रागच येतो.

येरमाळ्याजवळ दादाची शेती, आणि दारात माझ्या लग्नाआधीपासूनची जीप. दोन वर्षांमागं तिला चार्जिंग जास्त होण्याचं दुखणं लागलं. बॅटरीचं पाणी उकळायचं, नासक्या अंड्यासारखा वास सुटायचा. चांगल्या इलेक्ट्रिशियनला दाखव म्हणून मी कानीकपाळी ओरडले. यानं आपलाच इलाज काढला. ऊन डोळ्यांवर येत असताना हेडलाइट लावून गाडी चालवायची! "करंट लई झालाय तिला. जास्तीचं लाइट खातेत," असं वर आम्हालाच समजावायचा. त्या इलाजापायी बल्बही उडायचे, ते वेगळंच. समोरून येणारा प्रत्येक जण बोटांची उघडझाप करून लाइट चालू असल्याचं सांगायचा, आणि हा सगळे सोयरेच असल्यासारखा हसून त्यांना हात करायचा.

शेवटची भेट झाली तेव्हा मी दादाबरोबर जीपमधून येडेश्वरीच्या दर्शनाला गेले होते. परतताना वाटेत बल्ब उडाला आणि माझा तोल गेला. "काय दिवे लावतोयस दादा! भंगारात घाल ही. मी पुन्हा हिच्यात पाय ठेवणार नाही." तणतणत मी बीडची एसटी धरली. मागच्या काचेतून बघते तर भर उन्हात एक दिवा तेरखेड्यापर्यंत पाठोपाठ येत होता. फाट्यावर थांबून त्यानं हात केला... मी केला नाही.

परवा वहिनी म्हणाली, जीप विकून टाकू. तशी बिघडलेली कोण घेणार, म्हणून मी ती चालवत हायवेवरच्या रफिकभाईंकडे नेली. ते गाड्यांचं वायरिंग करतात. त्यांनी बॉनेट उघडलं, पण करंट तपासायचा मीटर काही काढला नाही.

"फाल्ट मला ठावं हाय, ताई. दादांना दीड वर्षाखालीच दावला व्हता. ही चार्जिंग आवरणारी पेटी. हिला बॉडीची अर्थिंग मिळंना. मागं पत्र्यावर रंग बसलाय, त्यातनं करंट जात न्हाय."

मी चित्रकलेची शिक्षिका. दोन वर्षांमागं उन्हाळ्याच्या सुटीत, दादा रानात गेलेला असताना, मीच बॉनेटखालच्या पत्र्याला हिरवा रंग दिला होता. दुसऱ्या कुणी पेटीच्या कडेनं ब्रश फिरवला असता. मला मेलीला सगळं नीटनेटकं लागतं! पेटी खोलून मागं दोन हात दिले, वाळल्यावर परत बसवली. दादानं बॉनेट उघडून सगळ्या गावाला तो रंग दाखवला होता.

"मग घासला का नाही?"

"घासू देईनात की! 'बहिणीनं हौसेनं दिलाय, नख लावायचं न्हाय.' बरं, अर्थिंगची येगळी वायर जोडतो म्हणलं, तर म्हणले, 'ती बघंल, इचारंल, आन् रडत बसंल.'"

दीड वर्ष! नखाएवढ्या रंगापायी यानं बॅटऱ्या उकळल्या, बल्ब जाळले, माझी बोलणी खाल्ली आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. या माणसाला म्हणावं तरी काय? दिवे मीच लावले होते, आणि हा ते घेऊन रस्त्यानं हिंडत होता. एकदा तरी माझ्यावर ओरडायचं होतंस, दादा.

पॉलिश पेपर मागून घेऊन मीच पत्रा घासला. पेटी बसवली, गाडी चालू केली, चार्जिंगच्या मीटरचा काटा जागेवर येऊन थांबला. "आता दिवसा लाइटची गरज न्हाय," रफिकभाई म्हणाले.

जीप विकायची नाही हे वहिनीला सांगायला मी निघाले. गॅरेजमधून हायवेला लागल्यावर भर उन्हात लाइट लावले. समोरून एक टेम्पोवाला बोटांची उघडझाप करत आला. मी त्याला हात केला.