भिंतीतून निघालेली सुनंदा

आता कुठून सुरुवात करू, तेच कळत नाही. चहा घेत ऐका, पण घोट बेताने घ्या. मी स्वतःच्या हाताने, रंग खरवडायला स्वतः विकत आणलेल्या लोखंडी पत्तीने, माझ्या संसाराची पोल खरवडून काढली आहे.

आमचं घर नेरूळच्या जुन्या गावातलं. चारी बाजूंना टॉवर, मध्ये आमचं बैठं घर. बाहेरून प्लास्टर नाही, विटांवर थेट रंग. दाराशेजारची भिंत तर बायकोच्या, म्हणजे वंदनाच्या, खास मर्जीतली. बाकीच्या भिंतींचे पोपडे पडोत, दरवर्षी गणपतीआधी त्या एका भिंतीला दोन हात रंग लागणारच. विचारलं तर म्हणायची, "दारात बरं दिसतं." मी आपला डबा धरून उभा.

तर, लेकीचं लग्न ठरलं. व्याही खांदेश्वरचे. रविवारी ते घर पाहायला येणार होते. लेकीने मोबाइलवर कुणाचातरी बंगला दाखवला, रंग काढून लाल विटा उघड्या केलेला. "पप्पा, किती क्लासी!" झालं. वंदना दोन दिवस खांदेश्वरलाच बहिणीकडे होती, व्याह्यांच्या गाडीतूनच परतणार होती. म्हटलं, सरप्राइज देऊ. व्याह्यांना फोन करून सांगूनही टाकलं, "आमच्या विटा बघाच." हे मला कुणी विचारलं होतं का?

शनिवारी रंग काढायचं औषध फासलं. हिरवा थर, खाली गुलाबी, खाली पिवळा, साय निघावी तसे निघत होते. मी शीळ घालत होतो. रविवारी सकाळी सगळ्यात खालचा चुना निघाला आणि विटांवर लाल अक्षरं दिसली. 'चि. मोरेश्वर'. म्हणजे मी. मला भरूनच आलं. पुढे खरवडलं. 'चि. सौ. कां. सुनंदा'.

बायकोचं नाव वंदना, हे मघाशी सांगितलंय.

आमच्याकडे लग्न ठरलं की पेंटर बोलावून दाराशेजारी नवरा-नवरीची नावं लिहून घेतात. सुनंदाशी माझं ठरलं होतं. हळदीला आठ दिवस असताना मानपानावरून मोडलं. बाबांनी त्याच संध्याकाळी नावांवर चुना फासला. सहा महिन्यांनी वंदना आली, आणि मी तिला छाती काढून सांगितलं, "मी बघितलेली पहिली मुलगी तूच." चोवीस वर्षं, लग्नाच्या दर वाढदिवसाला सांगतोय. गावातलं कुणी तिला काही बोललं नाही, अशी माझी समजूत.

मी तारेचा ब्रश घेऊन सुटलो. घासावं तसं नाव उजळत गेलं. शेजारची बामाकाकी ओट्यावरून बघत होती.

"आरं मोरू, सुनंदा निंगाली क रं?"

"काकी, हळू बोल ना."

"घासू नको. ऑइल पेंट हाय त्यो. ईट फुटंल, पन नाव नाय जानार."

तेवढ्यात वंदनाचा फोन. "निघालो आम्ही. अर्ध्या तासात येतोय." मी माळ्यावरची निळी ताडपत्री काढली आणि ठोकली भिंतीवर. चार खिळे, त्यातला एक अंगठ्यावर. लेकीचं लग्न राहिलं बाजूला, आपलाच संसार आज मोडतो की काय, असं वाटायला लागलं.

गाडी आली. व्याही उतरले ते थेट ताडपत्रीकडे. "कुठे आहेत विटा?"

"काम अर्धवट आहे. धूळ उडेल. आधी चहा घेऊ."

"अहो, फोनवर एवढं सांगितलंत!" म्हणत त्यांनी कोपरा ओढला. माझं खिळे ठोकणं ते काय, सगळी ताडपत्री खाली आली. त्यांनी मोठ्याने वाचलं. "सुनंदा?"

वंदना माझ्याकडे बघत होती. मी तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "हिचं माहेरचं नाव. वंदना आम्ही ठेवलं."

आता ती काय बोलते? माझा जीव कानात गोळा झाला होता.

"हो," वंदना म्हणाली. "माझंच."

व्याह्यांचे डोळे पाणावले. "हल्ली कोण एवढं जपतं हो बायकोचं नाव!"

चहा ठेवायला ती आत गेली. मी मागोमाग. "वंदना, अगं ते..."

"लग्नानंतर पयल्या गनपतीला भिंत धुतली, तवाच वाचलं मी. बाकीचं बामाकाकीनी सांगितलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तूच पयली, असं तुमी सांगायचे. खोटं हाय म्हाईत होतं, पन ऐकायला बरं वाटायचं. म्हनून दरवर्षी झाकत होते." तिने कपात चहा ओतला. "एक भिंत झाकून ठेवली होती मी. ती पन तुमीच उघडी केली."

मी ट्रे घेऊन बाहेर आलो.

महिन्याभराने व्याह्यांकडची लग्नपत्रिका आली. त्या भल्या माणसाने प्रेमाने, कुणाला न विचारता, छापून घेतलं होतं: 'श्री. मोरेश्वर व सौ. सुनंदा यांची ज्येष्ठ कन्या'.

वंदनाने पत्रिका शांतपणे वाचली आणि माझ्या हातात दिली.

"घ्या. तवाचं राह्यलं होतं, आता छापून आलं."

यंदा गणपतीआधी त्या भिंतीला रंग मी मारला. तीन हात. डबा धरायला कुणी नव्हतं.