पडद्यावरचं बंद फाटक

दुपारची जेवणं नुकतीच झाली होती. आई भांडी आवरत होती, मी अप्पांच्या गोळ्या डबीत भरत होते. अप्पा हॉलमधल्या त्यांच्या खुर्चीत नव्हते. आधी वाटलं, न्हाणीघरात असतील. मग बाहेरच्या दाराची कडी निघालेली दिसली.

त्या वेळी मी पुण्याहून तंजावूरला आले होते ती अप्पांसाठीच. त्यांचं विस्मरण वाढत चाललं होतं. तिरुवैयारूच्या एका शाळेच्या कचेरीत त्यांनी जन्मभर नोकरी केली, चारचौघांत तमिळच बोलले. पण आता तमिळ त्यांच्या तोंडून येईनासं झालं होतं. उरलं होतं फक्त आमचं घरातलं तंजावरी, जुन्या वळणाचं मराठी, जे शेजारच्या फ्लॅटमध्येही कुणाला कळत नव्हतं. अप्पा एकटे बाहेर पडले तर त्यांना रस्ता विचारता येणार नव्हता, की घर कुठे आहे ते सांगता येणार नव्हतं.

मी धावतच जिना उतरले. वॉचमन त्याच्या खोलीत डबा उघडून दहीभात खात बसला होता. समोर स्टुलावर कॉम्प्युटरचा जुना, मागे पोट सुटलेला मॉनिटर. कुणी रहिवाशाने टाकून दिलेला, तो असोसिएशनने कॅमेऱ्यांना जोडून घेतला होता. पुढचं फाटक खोलीच्या खिडकीतूनच दिसायचं, म्हणून पडद्यावर वर्षानुवर्षं, रात्रंदिवस, मागचं फाटकच लावलेलं असे.

"पुढून कुणी गेलं नाही, अक्का," तो म्हणाला. "मी हललोच नाही इथून. आणि मागचं हे बघा ना, बंदच आहे."

खिडकीतल्या उन्हाने पडदा फिका पडला होता, तरी फाटकाचे उभे गज स्पष्ट दिसत होते. म्हणजे अप्पा इमारतीतच असणार. मला जरा धीर आला.

आम्ही शोधायला लागलो. वॉचमनने पंपाची खोली पाहिली. मी पार्किंगमधल्या गाड्यांच्या मागे वाकून बघितलं, पाण्याच्या टाकीचं झाकण जागेवर आहे ना ते बघितलं. मग गच्ची. तिथे कुणी नव्हतं. कठड्यापाशी गेल्यावर खाली बघायला माझी मान वळेना. शेवटी डोळे बारीक करून बघितलं. खाली नुसती वाळत घातलेली सतरंजी होती.

जिन्यात आई उभी होती. "सापडले का गं?"

मी नकारार्थी मान हलवली आणि पुन्हा खाली आले. "मागचं रेकॉर्डिंग दाखवा," वॉचमनला म्हटलं. त्याला ते नीट येत नव्हतं. त्याने माऊस इकडेतिकडे फिरवला आणि पडद्यावर भलतंच चित्र आलं, पार्किंगमधल्या स्कूटरींचं. त्या स्कूटरींवर फाटकाचे गज तसेच उभे होते.

मग पुण्यातल्या आमच्या ऑफिसातला एक जुना मॉनिटर आठवला. त्यावर रोज एकच चौकट उघडी असायची, ती काचेवर इतकी उमटली होती की बंद केल्यावरही दिसायची. इथेही तेच झालं होतं. मी बघितलं ते आजचं फाटक नव्हतंच.

"मागचं फाटक आज कुणी उघडलं होतं?"

"ते कधीच उघडत..." त्याचा हात माऊसवर थांबला. "सकाळी सेप्टिक टँकची लॉरी आली होती."

मी मागे धावले. फाटक बाहेरच्या अंगाला सताड उघडं होतं. तिथून निघणारी गल्ली थेट पुदुआरूवर, म्हणजे आमच्याकडच्या मोठ्या कालव्यावर जाते. धरणातून पाणी सोडलेलं होतं. गल्लीच्या टोकाला पोचण्याआधीच त्याचा आवाज ऐकू यायला लागला.

पायऱ्यांवर दोन बायका कपडे धूत होत्या. "पांढरी वेष्टी नेसलेले, निळ्या शर्टातले म्हातारे गृहस्थ बघितलेत?" मी तमिळमध्ये विचारलं.

"आले होते की," एक म्हणाली. "आमच्याशी काहीतरी बोलत होते. तेलुगू होतं की काय कोण जाणे."

"पाण्यात उतरले?"

तिने पिळायला घेतलेली साडी तशीच धरून ठेवली. "पाय धुतले. मग मी खाली बघत होते..." तिने दुसऱ्या बाईकडे बघितलं. त्या बाईने पुलाकडे हात केला.

पुलापलीकडच्या थांब्यावर तिरुवैयारूची टाऊन बस उभी होती. खिडकीशी निळा शर्ट दिसला. कंडक्टरची शिट्टी वाजली तेव्हा मी मागच्या दाराची दांडी पकडली होती.

अप्पांना मला बघून काहीच नवल वाटलं नाही. "तूही येत्येस? बैस."

"अप्पा, घरी चला. आई घाबरलीय."

"मज शाळेस जायाचं आहे. उशीर झाला."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो हिसडला आणि मोठ्याने ओरडले. पुढच्या बाकावरचा एक माणूस उठून उभा राहिला. "कोण तुम्ही? कशाला ओढता त्यांना?"

"माझे वडील आहेत. त्यांना बरं नाही."

त्याने अप्पांना तमिळमध्ये विचारलं, "ही तुमची मुलगी का?" अप्पा त्याच्याकडे बघत राहिले. कंडक्टरही जवळ आला. माझं खरं आहे हे सांगू शकेल असं बसमध्ये कुणीच नव्हतं.

मी हात सोडला. "बरं अप्पा," मी मराठीत म्हटलं, "मीही येते शाळेत." आणि त्यांच्या शेजारी बसले.

ते लगेच शांत झाले. थोडं सरकून त्यांनी मला जागा करून दिली, माझा पदर बाकात अडकत नाही ना ते वाकून बघितलं. ते पाहून तो माणूस खाली बसला. मी आईला फोन लावला. ती फक्त "हं, हं" म्हणत होती.

वाटेत नद्या लागल्या. प्रत्येक पुलावर अप्पा बाहेर बोट दाखवून नाव सांगत होते. वेण्णारू. वेट्टारू. कुडमुरुट्टी. एकही चुकलं नाही. तिरुवैयारूला मात्र ते बसमधून उतरले आणि जागच्या जागी थांबले.

"आतां कोठें जायाचं?" त्यांनी मला विचारलं.

"घरी."

"बरं," ते म्हणाले, आणि माझ्यामागे परतीच्या बसमध्ये चढले.

आई पुढच्या फाटकाशी उभी होती. रागावली नाही, रडलीही नाही. त्यांचा दंड धरून तिने त्यांना जिना चढवला आणि ताक दिलं. मी जिन्यातच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावून दाराला वरच्या अंगाला, अप्पांचा हात पोचणार नाही अशी कडी बसवून घेतली. आता पुण्याहून दुपारी फोन केला की आईच्या बोलण्यामागे कधीकधी दारावरच्या थापा ऐकू येतात. आई म्हणते, "थांब हं जरा," आणि त्यांच्याकडे जाते.