बंदुकीच्या जागी स्टिअरिंग

रशीदभाऊंचं नाव आधी लिहितो. गडचिरोली जिल्ह्यातल्या अहेरीच्या बाजाराच्या टोकाला त्यांचं रेडिओ, पंखे आणि पाण्याच्या मोटरी दुरुस्त करायचं दुकान होतं. ते नसते तर मी या गेम मशीनच्या लाइनीत टिकलो नसतो. पुढे जे घडलं त्यात हात माझे दिसतील. डोकं निम्म्याहून जास्त त्यांचं आहे.

एका बाजाराच्या दिवशी मी टिनाच्या शेडमध्ये प्लॅस्टिकची बंदूक हातात घेऊन उभा होतो. समोरच्या पडद्यावर मेलेली माणसं दोन्ही हात पुढे करून चालत येत होती. दारात वीस-पंचवीस माणसं जमली होती. बघत होती, पण आत कोणी येत नव्हतं.

"या, या. खेळून बघा. पहिला गेम फुकट," मी म्हणालो.

एका बाईने नाकाला पदर लावला आणि ती मागे सरकली. पडद्यातून वास येत असल्यासारखी.

मी गुहागरकडचा. नववीला शाळा सोडली. घरचे म्हणाले, महिन्याभरात परत येशील. ओळखीच्या एकाने नागपूरच्या एका कंपनीत चिकटवून दिलं. ही कंपनी लहान लहान गावांत व्हिडिओ गेमची मशीनं ठेवायची. माझं काम मशीन चालू ठेवणं आणि बिघडलं तर दुरुस्त करणं. ते मी नागपुरात वर्षभर मार खात शिकलो होतो. मग मला अहेरीला पाठवलं. एक शेड, एक मशीन आणि मी. गावात तेव्हा मोबाइल नव्हते. साहेबांशी बोलायचं तर एसटीडी बूथवर जावं लागे.

साहेबांचं नाव वानखेडे. फोनवर ते एकच विचारायचे.

"मशीन चालून राह्यली का?"

"मशीन चालू आहे साहेब. लोक खेळत नाहीत."

"मंग चालून नाई राह्यली ना बे! पुढच्या बाजाराले मी सोता येतो. असंच असन त मशीन गाडीत टाकतो. मंग तिथी तुझं काय काम?"

म्हणजे सात दिवस. सात दिवसांत मशीनसमोर माणूस बसला नाही तर मी घरी. घरी काय ऐकायला मिळेल ते मला पाठ होतं.

गेम होता झोंबीचा. झोंबी म्हणजे मेलेला, पण उठून फिरणारा. या विषयावर बाहेरदेशी पिक्चरची मालिकाच निघाली होती आणि त्या मालिकेवरून गेम. साहेबांनी जाहिरातीसाठी सगळ्या भागांच्या व्हीसीडी पाठवल्या होत्या. त्या शेडबाहेरच्या टीव्हीवर लावायच्या. त्यामुळे सगळे भाग मी इतक्या वेळा पाहिले की मधूनच लावला तरी पुढे काय होणार ते सांगायचो. एक प्रयोगशाळा असते. तिथे काचेची बाटली फुटते. मेलेले उठतात, जिवंतांना चावतात. चावलेले तसेच होतात. शेवटी एक बाटली शिल्लक राहते, म्हणजे पुढचा भाग निघतो. दुसऱ्या एका मालिकेत बाटलीच्या जागी अवकाशयान होतं आणि मेलेल्यांच्या जागी लाळ गाळणारा प्राणी. बाकी सगळं तेच. आणि याला म्हणायचं विज्ञानकथा.

मी विज्ञानातच नापास झालो होतो. पण सप्लाय तोडला की मोटर फिरत नाही, एवढं मला कळतं. रक्त थांबलेला माणूस तीन-तीन भाग कसा चालतो, असं मी एकदा साहेबांना विचारलं होतं.

"तुले गेम चालवाले ठेवलं, का विज्ञान तपासाले?"

तो विषय तिथेच संपला.

साहेबांना वाटत होतं की दोष बंदुकीत आहे. मीही आधी तिकडेच पाहिलं. या बंदुकीतून काही बाहेर पडत नाही, उलट तिच्या तोंडात एक डोळा असतो. घोडा दाबला की पडदा क्षणभर पांढरा होतो आणि त्या उजेडावरून डोळा नेम कुठे आहे ते ओळखतो. आमच्या टिनाला भोकं होती. भोकांतून ऊन यायचं आणि डोळा त्यालाच पडदा समजायचा. मी भोकं डांबराने बुजवली. काळी ताडपत्री टांगली. बंदुकीची काच पुसली, घोड्याची स्प्रिंग बदलली. मग दहा गोळ्या मारल्या. दहाच्या दहा लागल्या.

मशीन ठणठणीत झालं. तरी दुसऱ्या दिवशी कोणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मला जेवण जाईना.

चौथ्या दिवशी रशीदभाऊ आले. बरोबर लालसूभाऊ होते. लालसूभाऊ म्हणजे भामरागडच्या रस्त्यावरच्या एका जंगलातल्या गावचे वयस्कर आदिवासी शेतकरी. दुरुस्तीला टाकलेला रेडिओ न्यायला आले होते.

"तू सबको पूछते फिरता ना, का काऊन खेळत नाई म्हणून? याले विचार," रशीदभाऊ म्हणाले.

लालसूभाऊ पडद्यासमोर उभे राहिले. बराच वेळ पाहत राहिले.

"हे कोणाचे व्हय?"

"कोणाचे म्हणजे?"

"हे मेलेले. कोणत्या गावचे? यायच्या घरचे कुठी गेले?"

"कोणाचेच नाहीत भाऊ. गेममधले आहेत."

"कोणाचाच नाई, असा मेलेला रायते का?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बंदुकीकडे. "यायचं मागून कोणी काही केलं नसन. म्हणून भटकून राह्यले बिचारे. आन तू त्यायलेच गोळ्या मारतं?"

लालसूभाऊंनी शांतपणे सांगितलं. त्यांच्यात माणूस मेला की त्याच्या नावाने दगड उभा करतात. घरात त्याला जागा देतात. सणाला आधी त्याचं ताट, मग जिवंतांचं. मग तो कुठे जात नाही, घरचाच राहतो. त्या रस्त्याने जाताना मी ते उभे दगड पाहिले होते. हद्दीचे दगड समजून मी एकावर बसून डबाही खाल्ला होता. हे मी त्यांना तेव्हा सांगितलं नाही.

जाताना त्यांनी पडद्यावरच्या एका हडकुळ्या झोंबीकडे बोट दाखवलं. "याले कोणी जेवाले नाई वाढलं वाटते."

मी हसलो. ते हसले नव्हते.

ते गेल्यावर रशीदभाऊ म्हणाले, "आन ते बंदूक. आपल्या इकडं बंदूक कोणी हौसेनं हातात घेत नाई, बाबू. आधी बाजूले कर ते."

मी बूथवर धावलो. मशीन तेच ठेवून गेम बदलू द्या, असं साहेबांना म्हणालो.

"सारी दुनिया पागल आहे त्या गेमच्या मागं. आन तू नववी नापास मले शिकवतं?"

फोन कट झाला. परत आलो तेव्हा माझा चेहरा पाहूनच रशीदभाऊंना कळलं.

"पूछने गया त नाईच म्हणन तो. करून दाखव."

"काढून टाकतील भाऊ."

"तसंही काढूनच राह्यला ना? मंग डर कायचा?"

हा हिशेब मला पटला.

गेम मशीनमध्ये खरा गेम असतो तो एका बोर्डवर. बोर्ड म्हणजे पाटीएवढी हिरवी प्लेट. ती काढून दुसरी लावली की तेच मशीन दुसरा गेम दाखवतं. मशीनखाली गोणपाटात गाडी चालवायच्या गेमचा एक जुना बोर्ड पडून होता. आधीच्या कुठल्या गावातून आलेला. त्याचं स्टिअरिंग तेवढं आलं नव्हतं.

स्टिअरिंग रशीदभाऊंनी मिळवलं. ओळखीच्या गॅरेजमागे एक जीप वर्षानुवर्षं सडत होती, तिचं खरंखुरं, मोठं. दांडा बसवला पाण्याच्या मोटरीच्या बेअरिंगमध्ये. आता स्टिअरिंग किती फिरलं ते बोर्डला कळायला हवं. त्यासाठी पॉट लागतो. पॉट म्हणजे रेडिओचा आवाज कमीजास्त करायची जी फिरकी असते, तिच्या आतला भाग. मी जुन्या रेडिओचा काढून लावला. स्टिअरिंग थोडं फिरवलं तर गाडी हलेना. आणखी जरा फिरवलं तर थेट झाडावर.

"बोर्डच गेलाय भाऊ," मी रडकुंडीला आलो.

रशीदभाऊंनी दोनदा स्टिअरिंग फिरवून पाहिलं. "बोर्ड चांगला आहे. आवाजाचा पॉट कानासाठी बनवलेला रायते. सारखा नाई वाढत, आधी हळू, मंग एकदम. आपल्याले सारखा पाह्यजे. डाव्या-उजव्या स्पीकरचा जो रायते ना, बॅलन्सवाला, तो."

असा पॉट अहेरीत कुठे मिळणार? रशीदभाऊ उठले. दिवसभर ज्यावर ते कव्वाल्या ऐकायचे तो स्वतःचा डेक त्यांनी खाली उतरवला आणि स्क्रू काढायला लागले.

"भाऊ, तुमचा डेक!"

"एका कानानं ऐकीन."

पॉट बसला. गाडी बोटाच्या इशाऱ्यावर वळायला लागली.

बाजाराचा दिवस उजाडला. साहेब दुपारी पोचणार होते. मी सकाळपासून चार वेळा वायरिंग तपासलं. पहिले आले लालसूभाऊच. त्यांनी पडदा पाहिला. मेलेलं कोणी नाही याची खात्री केली. मग स्टुलावर बसून दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

हा गेम शर्यतीचा होता. लालसूभाऊंनी शर्यत लावलीच नाही. ते डाव्या अंगाने सावकाश निघाले. मागून गाड्या भरारा पुढे जात होत्या.

"भाऊ, त्यांना मागे टाकायचंय," मी म्हणालो.

"जाऊ दे ना. घाई असन त्यायले."

त्यांच्या मागे मी लोकांना बसायला बाकडं ठेवलं होतं. त्यावर त्यांच्या गावचे तिघं येऊन बसले. चौथा दाटीवाटीने घुसला. तेवढ्यात एकजण ओरडला, "लालसू, आलापल्लीले थांबवजो रे!"

शेड हसण्याने दणाणली. मग काय, शेडची गावोगाव सवारी भरणारी काळीपिवळी जीपच झाली. आयुष्यभर जीपच्या मागे लटकून फिरलेली माणसं. ड्रायव्हरच्या जागेवर बसायची पाळी त्यांची कधी आलीच नव्हती. वळण आलं की बाकड्यावरचे सगळे एका बाजूला झुकायचे. वेळ संपली, गाडी थांबली, तेव्हा कोणीतरी म्हणालं, "डिझेल संपलं वाटते. उतरा आन धक्का मारा."

बाहेर रांग लागली. वांगी विकणारी एक बाई शेजारणीला म्हणाली, "माह्या टोपल्याकडं पाहजो वं," आणि थेट येऊन बसली. तिने गाडी अशी हाणली की एकही झाड सुटलं नाही.

"हिच्या गाडीत बसू नका रे!"

"तुले कोणी बोलावलं? तू पायदळ जाय!"

या गडबडीत साहेबांची जीप आली. साहेब दारातून आत घुसायला गेले.

"ओ साहेब, लाइनीत या!"

"मी मालक आहो!"

"मालकाले लाइन नाई का?"

साहेब लाइनीत उभे राहिले. त्यांचा ड्रायव्हर चपळ. तो त्यांच्या पुढे घुसला होता. त्याची पाळी आली आणि त्याने पहिल्याच वळणावर गाडी दरीत घातली. वांगीवाली बाई साहेबांकडे वळली. "तुम्ही याच्या गाडीत आले?"

साहेबही हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहत होतो. मग त्यांनी मला बाजूला घेतलं.

"बंदूक कुठी आहे?"

"गोणीत."

"कोणाले विचारून काढली?"

"कोणालाच नाही, साहेब."

त्यांनी रांगेकडे पाहिलं. ती शेडला वळसा घालून रशीदभाऊंच्या दुकानापर्यंत गेली होती.

"नववीतच सोडली ना बे शाळा?"

"हो."

"बरं केलं. दहावी झाला असता त माह्या खुर्चीत बसला असता." मग स्टिअरिंगकडे बोट दाखवून, "असे आणखी तीन गावांत तीन पाह्यजे. सावलीले, मूलले, आन गडचिरोलीले. तूच जाऊन बसव."

अशा रीतीने मी पर्मनंट झालो. आज या धंद्यात मला वीस वर्षं होत आली आणि घरी परत बोलावणं आलं ते माझ्या लग्नासाठी. झोंबीचा बोर्ड नागपूरला गेला. तिथे तो चांगला चालला म्हणतात. असेलही. त्या मालिकेचे पुढचे भागही निघाले. मी पाहिले नाहीत, पण बाटली फुटली असणार.

यातून मी जे शिकलो ते कुठल्या मॅन्युअलमध्ये सापडलं नाही. मशीनमध्ये दोष मिळत नसेल तर मशीन बंद करा आणि समोर उभ्या माणसाला विचारा. फुकट असतं.

रशीदभाऊ आता थकलेत. दुकान मुलगा पाहतो. मागच्या वेळी गेलो तेव्हा म्हणाले, "इतके रेडिओ दुरुस्त केले, सगळ्यायच्यात मुंबई लागे, पण समुंदर काही पाह्यला नाई." भाऊ, मी समुद्रावरचाच आहे. एकदा तुम्हाला आमच्या गावी नेणार, पाण्यात घोट्याएवढं उभं करणार आणि आईला सांगणार, हेच ते, ज्यांच्यामुळे मी महिन्याभरात परत आलो नाही. तिकिटं मी काढीन. तुम्ही फक्त नाही म्हणू नका.