हॉप्सच्या दोन पुड्या

दुबईहून दीड तासावरच्या फुजैराच्या बंदरावरचे माझे इंग्रज साहेब कायमचे मायदेशी निघाले, तेव्हा त्यांनी मला हॉप्सच्या दोन पुड्या दिल्या. ही वाळलेली फुलं बिअर तयार होत आली की वासासाठी टाकतात. घरी बिअर करणं तिथे गुन्हा, म्हणून दुबईच्या करामा भागातल्या आमच्या बाथरूममध्ये माझी हलकी बिअर चोरून आंबत होती. एका पुडीला मोसंबीच्या सालीचा वास होता, दुसरीला सुक्या गवताचा. टाकायची एकच, पण कोणती, म्हणून तीन दिवस मी दोन्ही हुंगत घरभर फिरत होतो. बेल वाजली की पुड्या उशीखाली जायच्या.

"अहो, टाका एकदाची आणि खलास करा!" बायको वैतागली.

मी मोसंबीवाली टाकली. आठवड्याने ग्लास भरले. बायको म्हणाली, "छान झालीय." मला मात्र पहिल्याच घोटाला वाटलं, गवताचीच टाकायला हवी होती.