एकशे आठ मिलीमीटरचं मेण

मी जळगावच्या एमआयडीसीत तीस वर्षं लेथ चालवली. जे व्हर्नियरने मोजता येत नाही ते माझ्या लेखी नाहीच. भूतबीत, संचार, सगळं थोतांड! तरीही हे लिहितोय... हसायचं तर हसा.

सोनगीरला माझी मोठी काकू राहते. तिला सगळे अक्का म्हणतात, वय चौऱ्याऐंशी. कानबाई ही आमची खानदेशची देवी, श्रावणात रविवारी बसते नि सोमवारी तिला निरोप देतात. तिच्या गाण्यात अक्का एक जादा कडवं म्हणते आणि माझी आई, म्हणजे तिची धाकटी जाऊ, दरवर्षी चारचौघींत तिला टोकते, "हाई तुन्हं मनचं शे!"

अक्का म्हणते, "मन्ही मायनी शिकाडेल शे." पण ती माय अक्का पाच वर्षांची असतानाच गेली. साक्षीदार कोण? अक्काला हे फार लागायचं.

तिच्या वडिलांचं आवाज भरायचं जुनं यंत्र माळ्यावर होतं — मेणाच्या नळकांड्यावर सुई आवाज कोरते, तसलं. "मायना आवाज त्यामा शे, भाऊ. चालू करी दे," असा तिचा लकडा.

दोन वर्षांपूर्वी, कानबाई बसायच्या आदल्या दुपारी, मी ते ओट्यावर उघडलं. पेटी बारा इंच बाय नऊ. नळकांडं लांबीला १०८ मिलीमीटर, व्यास साडेपंचावन्न. स्प्रिंग तुटलेली. आणि मेण? भिंगातून पाहिलं... गुळगुळीत. एकही रेघ नाही. अक्काला तसं सांगून टाकलं.

"लाई तं दख," ती म्हणाली. तिच्या समाधानासाठी नळकांडं चढवलं, सुई टेकवली. स्प्रिंगचे दोन्ही तुकडे माझ्या मांडीवर... आणि नळकांडं फिरायला लागलं!

आधी खरखर, मग एका बाईचा कोवळा आवाज. ती एक ओळ म्हणायची, मागून एक बोबडी पोर तीच ओळ म्हणायची. तेच कडवं! पोर चुकली तशी बाई खळखळून हसली.

"हाई मन्ही माय... नि हाई मी!" अक्का टाळ्या पिटत ओरडली. आई पीठ मळायचं सोडून धावत आली होती. कणकेच्या हातांनीच तिने अक्काला मिठी मारली, आणि दोघी हसत-रडत तिथेच बसल्या. मीही रडलो, लपवत नाही.

पुढे नवी स्प्रिंग बसवली. यंत्र झकास फिरतं, पण नुसती खरखर. मेण पुन्हा भिंगाखाली धरलं — तसंच गुळगुळीत. हे कसं झालं, मला आजही सांगता येत नाही.

त्या सोमवारी कानबाईला निरोप देताना ते कडवं आईनेच सुरू केलं, अक्काच्याही आधी. अक्का गायलीच नाही. नुसती ऐकत होती, तोंडभर हसत.