रिकाम्यावर विश्वास नसलेले उस्ताद

चंद्रपूरकडच्या मूल तालुक्यात आज जेवढी माणसं हातीपायी धड आहेत, त्यांतली निम्मी आपल्यामुळे आणि निम्मी केवळ नशिबाने, असं आमच्या शेजारच्या उस्तादांचं ठाम मत आहे. पोलीस प्रशिक्षणात बंदूक शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. निवृत्त होऊन ते माझ्या शेजारी राहायला आले तेव्हा हुद्दा मागे राहिला, संबोधन सोबत आलं. त्यांची बेगमही त्यांना उस्तादच म्हणते, फक्त तिचा सूर वेगळा असतो. मी जन्मभर कॉलेजात इतिहास शिकवला, हे कळल्यावर पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "म्हणजे सर, तुम्ही मेलेल्यांच्या चुका सांगता. मी उलटा धंदा करून राह्यलो. मी आधी सांगतो, म्हणून लोकं मरत नाई."

उस्तादांच्या जगात वस्तू दोनच प्रकारच्या: नळी असलेल्या आणि नसलेल्या. बाजारात कुणी छत्री काखेत आडवी धरून चालला की ते मागून जाऊन तिचं टोक जमिनीकडे वळवतात आणि काही न बोलता पुढे जातात. पेट्रोल भरणाऱ्या पोऱ्याला पाइप कसा धरावा हे सांगण्यात त्यांनी एकदा मागची सगळी रांग अडवून ठेवली. दुसरं म्हणजे 'रिकामं' या शब्दावर त्यांचा काडीचाही विश्वास नाही. गॅसवाला "खाली हाय" म्हणत सिलिंडर उचलायला लागला की हे म्हणणार, "कोण म्हणते? दाखव." घरातला थर्मास रिकामा आहे असं बेगमने सांगितलं तरी झाकण काढून आत डोळा लावल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. एकदा गावात नेमबाजीच्या स्पर्धेचं उद्घाटन होतं. पाहुणे म्हणून आलेल्या पुढाऱ्याने गळ्यातल्या हारांसकट बंदूक उचलली आणि फोटोसाठी पहिल्या रांगेवरून फिरवली. शेवटच्या रांगेतून उस्ताद परेडच्या आवाजात ओरडले, "नळी खाली!" नळी तर खाली गेलीच, पुढाऱ्याचे दोन कार्यकर्तेही गालिच्यावर आडवे झाले. त्यानंतरचं भाषण हे त्या पुढाऱ्याच्या कारकिर्दीतलं सर्वांत आटोपशीर भाषण असावं.

बंद पडलेल्या राइस मिलच्या गोदामात उस्तादांचा वर्ग भरतो. बंदुकीचा परवाना हवा तर प्रशिक्षणाचा दाखला लागतो, आणि तो देण्याचा अधिकार त्यांना आहे. बँकांचे रखवालदार येतात, धानाच्या शेतातली डुकरं हाकलायला परवाना मागणारे शेतकरी येतात. प्रत्येकाला वाटतं, गेल्या गेल्या धडाधड बार काढायचे. उस्ताद हातात लाकडी बंदूक देतात. ती घेऊन चालायचं, बांध ओलांडायचा, बसायचं, उठायचं, दुसऱ्याच्या हाती द्यायची. आणि दर वेळी तिची नळी कुठे पाहते आहे ते सांगायचं. "गोळी कुठी लागाव ते मागून पाहू," ते म्हणतात, "कुठी लागू नये, ते आधी शिका." हे सारं मला थोडं नाटकी वाटायचं. पण जे टिकले त्यांना चंद्रपूरच्या मैदानावर खरा नेम धरताना मी पाहिलं आहे. त्यांचे नेम सहसा चुकत नव्हते. आपली बंदूक कुठे पाहते आहे याचं भान ज्याला सतत असतं, त्याला नेमासाठी फार वेगळं काही शिकावं लागत नसावं.

उस्तादांचा जिवलग मित्र म्हणजे जवळच्या खेड्यातले मालगुजार, गावाचा सारा वसूल करणाऱ्या जुन्या जमीनदार घराण्यातले. मालगुजारी कधीच गेली, पण त्यांच्या मिशांपर्यंत ती बातमी पोचलेली नव्हती. सगळे त्यांना भाऊ म्हणत. त्यांच्या वडिलांच्या नावावर एक जुनी दुनळी बंदूक होती आणि दसऱ्याला तिची पूजा व्हायची, तीही काडतुसं भरून. "आमच्या घरी रिकामं काही पूजत नाई," भाऊ सांगत. "कलश भरलेला, ओटी भरलेली, अन् बंदूक काऊन रिकामी ठेवाची?" या युक्तिवादापुढे मी इतिहासाचा माणूस गप्प बसलो होतो. उस्ताद बसले नाहीत. दर दसऱ्याला ते पूजेआधी तिथे हजर व्हायचे, दुनळी उघडून काडतुसं काढायचे आणि शेजारी पितळी ताटलीत ठेवायचे. "भरलेलं हाय, भाऊ. फक्त बाजूले हाय." म्हातारे वडील हसून मान डोलवायचे.

वडील वारले. बंदूक भाऊंच्या नावावर करायची, तर भाऊंना दाखला हवा. ते गोदामात आले, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "कर सही." उस्तादांनी लाकडी बंदूक पुढे केली.

"माझ्या आज्यानं वाघ मारला, अन् मले लाकूड देतं का बे?"

"आज्यानं मारला, भाऊ. तुम्ही नाई."

वर्गातलं कुणीतरी हसलं. त्या हसण्याने सगळा घात केला. भाऊ उठून गेले. दाखला त्यांनी दुसरीकडून, काही न शिकता मिळवला, आणि त्या दसऱ्याला उस्तादांना बोलावणं आलं नाही. उस्ताद दिवसभर अंगणात फेऱ्या मारत होते. मी म्हटलं, जाऊन या. ते म्हणाले, "बोलावल्याबिगर? मी काय पुजारी आहो?"

तिकडे भाऊंच्या घरी दुनळी भरून पाटावर ठेवली होती. समोर भाऊंचा धाकटा भाऊ अक्षता घेऊन बसला होता. पूजा झाली. चापाच्या खाचेत कुंकू साचलं होतं, म्हणून भाऊंनी बंदूक उचलली आणि उपरण्याच्या टोकाने ते पुसायला गेले. बार उडाला. धाकटा भाऊ जागच्या जागी गेला, दवाखान्यात न्यायची वेळच आली नाही.

बंदूक जप्त झाली, परवाना गेला, खटला चालू आहे, भाऊ जामिनावर घरी आहेत. उस्ताद "मी सांगितलं होतं" म्हणाले नाहीत. मला वाटलं होतं म्हणतील, आणि त्या वाटण्याची नंतर लाज वाटली. बरेच दिवस गोदामाला कुलूप होतं. एकदा कुंपणाजवळ उभे राहून ते म्हणाले, "सही नाई केली, ते बरोबरच होतं, सर. पण त्याईच्या ओसरीवर जाऊन, कोणी नसताना शिकवलं असतं तर? चारचौघांत लाकूड काऊन देलं मी त्याईले?"

आता वर्ग पुन्हा भरतो. दर शुक्रवारी, नमाज झाल्यावर, उस्ताद भाऊंकडे जातात. एकदा मीही गेलो होतो. भाऊंच्या मिशा उतरल्या आहेत. चहा झाल्यावर ते हलक्या आवाजात म्हणाले, "सांग उस्ताद. एकेक सांग."

"उघडून नाई पाह्यली, भाऊ."

"अजून?"

"नळी माणसाकडे होती. बोट चापाकडे गेलं."

भाऊंनी मान हलवली. मग विचारलं, "अन् कुंकू? कुंकू लावलं, ते चुकलं का रे?"

"नाई भाऊ. कुंकू बरोबर होतं."

परत येताना मी म्हटलं, ज्याच्या हाती आता कधी बंदूक येणार नाही, त्याला हे शिकवून काय उपयोग? उस्ताद म्हणाले, "शिकाचं म्हणते ना भाऊ." दर शुक्रवारी भाऊ तेच विचारतात, कुंकवापर्यंत येतात, आणि उस्ताद पुन्हा पहिल्यापासून सांगतात.