अंबडची शुक्रवारची बैठक

बाळांनो, तुमच्या आजोबांनी दारू सोडली हे तुम्हाला ठाऊक आहे. पण ती सोडायला निघालो तेव्हा आम्ही वाट कशी हरवली, हे कोणी सांगितलेलं नसेल. शेवटच्या आजारात ते मला म्हणाले होते, "पोरांपासून लपवू नकोस." म्हणून लिहिते.

नव्वदच्या दशकाची सुरुवात असेल. कावीळ होऊन ते दवाखान्यातून नुकतेच घरी आले होते. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं, की पुन्हा घेतली तर हाती काही राहणार नाही. आणि आता औषधाइतकीच गरज आहे ती दारू सोडलेल्या माणसांच्या सोबतीची. अशी माणसं आठवड्यातून एकदा एकत्र बसून आपापलं बोलतात. जालन्यातही बैठक होती, पण हे म्हणाले, "इथं प्रत्येक गल्लीत माझा विद्यार्थी आहे. इथं नको." अंबडला दर शुक्रवारी संध्याकाळी एका शाळेत बैठक भरते, एवढंच डॉक्टरांना माहीत होतं. हे तयार झाले, पण अट घालून. "एकदाच येईन. नाही जमलं तर पुन्हा विषय काढायचा नाही."

तेव्हा माझी देवावरची श्रद्धा फार पातळ झाली होती. इतक्या वर्षांच्या उपासांनी बाटली काही सुटली नव्हती. शेजारी मात्र काहीतरी सांगणं भाग होतं, म्हणून मी म्हटलं, अंबडच्या देवीला जातोय. त्याबरोबर शेजारच्या कमलवैनी खण, तांदूळ आणि नारळ घेऊनच आल्या. "वैनी, माझीबी ओटी भरा देवीची. सुनेचे दिवस भरत आलेत." देवीसाठी सोपवलेली ओटी नाकारता येत नाही, आणि परतही आणता येत नाही. मी ती मुकाट्याने पिशवीत ठेवली. एसटीत बसल्यावर हे हळूच म्हणाले, "नारळ घेतलास, बकराही सोबत आहे. तयारी चांगली आहे तुझी." मला हसू आलं नाही.

अंबडला उतरून दिसली ती पहिली शाळा गाठली, तर फाटकाला कुलूप. दुसऱ्या शाळेतला शिपाई म्हणाला, "इथं न्हाई बाई कसली बैठक." पाटी नाही, नाव नाही, आणि उघड विचारायची सोय नाही. शेवटी धीर करून एका पानवाल्याला विचारलं, दारू सोडणारे लोक कुठे जमतात? तो हसला. "सोडणारे कुठं बसतेत ते न्हाई माहीत, मावशी. पिणारे ते काय, समोरच बसून राह्यले."

ह्यांनी समोर पाहिलं आणि नजर तिथेच राहिली. कपाळावर घाम आला होता. "झालं तुझं समाधान? तू स्टँडवर बस, मी आलोच."

ते 'आलोच' मी आयुष्यभर ऐकलं होतं. हात धरला असता तर त्यांनी झटकला असता. रडले असते तर रस्त्यात तमाशा झाला असता. काहीच सुचेना, तेव्हा तोंडातून निघालं, "अहो, कमलवैनींची ओटी राहिली. दुसऱ्याची अमानत आहे."

ते थांबले. स्वतःसाठी थांबले नसते, माझ्यासाठीही नाही. पण परक्या लेकीबाळीसाठी आलेला नारळ तसाच ठेवणं त्यांना जमेना. चरफडत माझ्यापुढे देवीच्या देवळाचा गड चढू लागले.

ओटी भरली. पुजाऱ्याने तीर्थ दिलं, तेव्हा ह्यांचा हात इतका थरथरत होता की पाणी बोटांतून सांडू लागलं. ते शरमेने हात मागे घेणार, तोच शेजारच्या एका धोतरवाल्या माणसाने आपला तळहात त्यांच्या हाताखाली धरला. "राहू द्या, साहेब. घ्या सावकाश. माझाबी असाच हालायचा." मग बाजूला नेऊन हलकेच विचारलं, "सोडून किती दिस झाले?"

मला कधीच सांगितलं नव्हतं, ते ह्यांनी त्या अनोळखी माणसाला सांगितलं, "दवाखान्यापासून घेतली नाही. पण आत्ता खाली जाऊन घेणार होतो."

"मंग जल्दी चला. शाळेत परीक्षा हायेत, म्हणून सध्या आम्ही मोंढ्यात बसतो, धान्याच्या आडतीच्या वरच्या खोलीत. मी तीर्थपुरीहून येतो. आधी इथं डोकं टेकतो, मंग तिकडं."

दोघे वर गेले. मी खाली धान्याच्या पोत्यांपाशी बसून राहिले. वरून काहीच ऐकू येत नव्हतं, आणि दर क्षणाला वाटत होतं, आता हे जिन्यावरून खाली येतील आणि समोरून निघून जातील. खूप वेळाने टाळ्या ऐकू आल्या. हे खाली आले तेव्हा डोळे लाल होते. एसटीत एवढंच म्हणाले, "पुढच्या शुक्रवारी मी एकटा येईन."

माझी खरी परीक्षा तीच होती. घरातलं सगळं मी माझ्या नजरेखाली ठेवत आले होते. त्यांच्या चपलांच्या आवाजावरूनही मी पिऊन आलेत का याचा अंदाज बांधायची. पुढच्या शुक्रवारी ते फाटकाबाहेर पडले आणि मी देवासमोर बसले. मागायला शब्दच सुचले नाहीत. फक्त म्हटलं, तिथे त्यांच्या हाताखाली माझा हात पोचत नाही, तुझा राहू दे.

पुढे दोनदा त्यांचा पाय घसरला, आणि दोन्ही वेळा ते आपण होऊन त्या खोलीत परत गेले. तो माणूस देवीने पाठवला की नेहमीच्या वाटेने आला, याचा वाद मी घालत नाही. त्याचे आणि तिचे, दोघांचेही उपकार मानते. आपलं माणूस जपावं, बाळांनो. पण एका वळणावर त्याला एकटं जाऊ द्यावं लागतं. पहिल्यांदा एकटे गेले त्या शुक्रवारी ते घरी परतले, तेव्हा मी त्यांच्या तोंडाचा वास घेतला नाही. ताट वाढलं.